धाव किती रुंद असावी?

बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवलेली असते, तिला आपल्याकडे 'धाव' म्हणतात. 'टायर' हा शब्द मराठवाड्याच्या बाजारपेठेत आला त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून धाव होती, आणि तिचे माप कसे ठरवावे हा प्रश्नही होता. आज उदगीरच्या बसस्थानकाबाहेर उभ्या असलेल्या कोणत्याही वाहनाच्या टायरवर आपल्याला उठावाचे आकडे दिसतात. ते आकडे म्हणजे त्याच जुन्या प्रश्नाचे आजचे उत्तर होय.

परदेशात, थंड मुलखात राहणारी आपली माणसे आणखी एक गोष्ट सांगतात. तिथे हिवाळ्यासाठी मोटारीला टायरचा वेगळा संच लागतो, आणि तो पुष्कळदा उन्हाळ्यातल्या संचापेक्षा थोडा अरुंद घेतात. बर्फावर घसरू नये म्हणून रुंद टायर हवा, असे कोणालाही वाटेल. मग अरुंद का? या प्रश्नाचे उत्तर शोधायला बर्फाच्या देशात जाण्याआधी उदगीरच्या चिखलातून जाणे सोयीचे आहे. या लेखात आपण तीच वाट धरणार आहोत.

सुतार, लोहार आणि ऋतू

बैलगाडीचे चाक म्हणजे मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे आणि आऱ्यांच्या टोकांना जोडलेल्या वक्र लाकडी तुकड्यांचे कडे. लाकूड बहुधा बाभळीचे. हे काम सुताराचे. पण नुसते लाकडी कडे दगडधोंड्यांवर टिकत नाही आणि सांधेही उकलतात. म्हणून त्यावर धाव चढवायची. ते काम लोहाराचे.

धावेचे माप ठरवणे हे कसबाचे काम होते. चाकाचा घेर मोजायचा आणि लोखंडी कड्याचा आतला घेर त्याहून किंचित कमी ठेवायचा. नंतर कडे जमिनीवर आडवे ठेवून त्याच्याभोवती गोवऱ्या रचून ते लालबुंद तापवायचे, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायचे आणि लगेच पाणी ओतायचे. कडे आकसते आणि चाकाला असे आवळते की सगळे सांधे घट्ट होतात.

यातले गणित वर्गात सहज करता येते. लोखंडाची लांबी तापमानाच्या दर अंश सेल्सिअसमागे दहा लाखांत सुमारे १२ भागांनी वाढते. चाकाचा व्यास १.५ मीटर धरला तर घेर सुमारे ४.७१ मीटर होतो. धाव ५०० अंशांनी तापवली तर तिचा घेर सुमारे २८ मिलिमीटर वाढेल. म्हणजे लोहाराच्या हाती जेमतेम अंगठ्याच्या रुंदीएवढी सवलत आहे. धाव फार मोठी ठेवली तर ती चालताना निसटेल. फार लहान ठेवली तर तापवूनही चढणार नाही, किंवा चढली तर थंड होताना आऱ्यांवर नको इतका ताण आणील. प्रसरणाचा गुणांक हा शब्द ठाऊक नसलेला कारागीर त्याचे मूल्य हाताने ओळखत होता.

ऋतूही इथेच येतो. चैत्र-वैशाखात लाकूड सुकून आकसते. लोखंड मात्र उन्हाने थोडे वाढते. दोघांचा परिणाम एकच, धाव ढिली होते. म्हणून शेतकरी चाके नदीच्या डोहात किंवा हौदात भिजत घालत. लाकूड पाणी पिऊन फुगले की धाव पुन्हा घट्ट बसे. चाक आणि धाव यांचे माप एकदा ठरवून कायमचे मोकळे होता येत नाही, ऋतूप्रमाणे त्याकडे पुन्हा पाहावे लागते, हे आपल्या गाडीवानाला माहीत होते.

काळी माती आणि चाकाची रुंदी

उदगीर बालाघाटाच्या पठारावर आहे. खाली बसाल्टचा खडक, त्यावर कुठे मुरूम, कुठे फूट-दोन फूट काळी माती, तर ओढ्याकाठी पुरुषभर खोल काळी. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज असते. त्याच्या सूक्ष्म थरांमध्ये पाणी शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेले की तीच माती आकसून भेगाळते. उन्हाळ्यात विटेसारखी टणक आणि श्रावणात लोण्यासारखी मऊ, असे तिचे दुहेरी वागणे आहे.

या वागण्याचा ठसा इतिहासावरही दिसतो. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर निघत आणि पावसाळ्यात फौजा छावणी करून राहत. नद्यांचे पूर हे त्याचे एक कारण, तर वाटांचा चिखल हे दुसरे. सदाशिवरावभाऊंनी निजामाविरुद्ध जिंकलेली उदगीरची लढाई फेब्रुवारी १७६० मधली आहे. इब्राहिमखान गारदी यांचा तोफखाना त्या वेळी मराठ्यांच्या बाजूने होता. माघ-फाल्गुनात इथली जमीन वाळून टणक झालेली असते. त्याच जड तोफा आषाढात या काळ्या रानातून ओढून न्यायच्या म्हटल्या असत्या, तर चाके किती रुतली असती याचा अंदाज आपण बांधू शकतो.

समजा, एका गाडीचे ओझ्यासह वजन एक टन आहे. दोन चाके, म्हणजे प्रत्येकावर ५०० किलो. धावेची रुंदी ५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे दोन इंच, धरू. टणक दगडी रस्त्यावर असे चाक जेमतेम एखादा सेंटिमीटर लांबीवर टेकते. म्हणजे ५०० किलोचा भार अवघ्या पाच चौरस सेंटिमीटरवर येतो. दगडाला हा दाब सोसतो, ओल्या मातीला नाही. मग चाक खाली जाऊ लागते. जसजसे ते रुतते तसतसा त्याच्या वर्तुळाचा अधिक लांब भाग मातीला टेकतो, क्षेत्रफळ वाढते आणि दाब कमी होतो. माती जेवढा दाब पेलू शकते तेवढा तो उतरला की चाक रुतायचे थांबते.

दीड मीटर व्यासाचे चाक १० सेंटिमीटर रुतले तर त्याच्या पुढच्या बाजूचा सुमारे ३७ सेंटिमीटर भाग मातीवर टेकतो. रुंदी ५ असल्याने क्षेत्रफळ सुमारे १८५ चौरस सेंटिमीटर होते. आता धावेची रुंदी दुप्पट, म्हणजे १० सेंटिमीटर केली तर तेवढ्याच क्षेत्रफळासाठी साडेअठरा सेंटिमीटर लांबी पुरते, आणि तेवढ्या लांबीसाठी चाक फक्त सव्वादोन सेंटिमीटर रुतावे लागते. हिशेब ढोबळ आहे, कारण खरी माती खोलीप्रमाणे बदलते. पण दिशा स्पष्ट आहे. रुंदी दुप्पट केली तर रुतणे सुमारे चौथाईवर येते. रुतलेले चाक ओढणे म्हणजे सतत चढ चढण्यासारखे असते, आणि हा चढ बैलांच्या मानेवर येतो. उदगीरजवळच्या देवणी गावाच्या नावाने ओळखली जाणारी देवणी जात आणि हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार ज्या मुलखाने नावाजला, तिथे हा प्रश्न पुस्तकी नव्हता.

मग आपल्या गाड्यांच्या धावा अरुंद का राहिल्या? एक तर लोखंड महाग होते. दुसरे म्हणजे काळी माती चिकट असते. रुंद चाक जास्त चिखल उचलते आणि थोड्या वेळाने गाडीवान ओझ्याबरोबर चिखलाचे गोळेही वाहू लागतो. आणि तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. सगळा चिखल एकसारखा नसतो. मुरमाच्या वाटेवर वरचा चार बोटे चिखल कापून अरुंद चाक खालच्या टणक थरावर पोचते आणि तिथे नीट चालते. रुंद चाक मात्र तोच चिखल पुढे रेटत बसते. खोल काळ्या रानात तळच हाती लागत नाही, तिथे रुंद चाक बरे.

म्हणून चाकाची रुंदी ठरवताना पहिला प्रश्न असा की, मऊ थराखाली टणक तळ आहे का, आणि किती खोल? हा प्रश्न आपण पुढे बर्फात पुन्हा विचारणार आहोत.

चाकाने रस्ता झिजतो, त्याचा खर्च कोणी द्यायचा?

चाक जमिनीवर दाब टाकते तेव्हा जमिनीचेही काहीतरी होते. रस्ता बांधलेला असेल तर तो कोणाच्या तरी पैशाने बांधलेला असतो. त्यामुळे चाकाची रुंदी ही लवकरच सरकारी बाब झाली. इंग्लंडमध्ये १७५३ साली, म्हणजे उदगीरच्या लढाईच्या सातच वर्षे आधी, पथकर घेणाऱ्या रस्त्यांवरच्या अवजड मालगाड्यांच्या चाकांची रुंदी किमान ९ इंच असावी असा कायदा झाला. अरुंद चाके रस्ता कापतात, रुंद चाके रुळासारखा तो दाबून काढतील, अशी कल्पना होती.

त्यातून जे घडले ते विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे आहे. काही गाड्यांना चाके नऊ इंच रुंदीची पण शंकूच्या तुकड्यासारखी, म्हणजे एका कडेला लहान व्यासाची आणि दुसऱ्या कडेला मोठ्या व्यासाची, बसवली जाऊ लागली. शंकू जमिनीवर सोडला तर तो सरळ जात नाही, गोल फिरतो. त्याला जबरदस्तीने सरळ नेले तर त्याचा काही भाग घासत जातो. अशा चाकांनी रस्ता दाबण्याऐवजी खरवडला आणि घोड्यांचे श्रमही वाढले. कायद्यात माप लिहिले होते, पण चाक रस्त्याला कसे टेकावे हे लिहिलेले नव्हते.

आपल्याकडे हा वाद मोटारी आल्यावर पेटला. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने १९२७ मध्ये रस्तेविकास समिती नेमली. तिचा अहवाल १९२८ मध्ये आला. त्यातल्या शिफारशीनुसार पेट्रोलवर जादा कर बसवून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ता निधी सुरू झाला आणि पुढे १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या चर्चांत लोखंडी धावेची बैलगाडी हा विषय वारंवार येत असे. पाणी मारून दाबलेल्या खडीच्या रस्त्यावर अरुंद धाव खडीचा भुगा करी. वेगाने जाणारे मोटारीचे टायर तो भुगा धुळीच्या रूपाने उडवून देत. दोन वेगळ्या काळांतली चाके एकाच रस्त्यावर चालत होती आणि रस्ता दोघांनाही पुरा पडत नव्हता.

उदगीर तेव्हा हैदराबाद संस्थानातील बिदर जिल्ह्यात होते. संस्थानाच्या रेल्वेखात्याने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उदगीर उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाल्यावर त्यात गेले. या साऱ्या काळात पक्क्या सडका वाढत गेल्या, पण सडकेपासून गावापर्यंतची वाट पुष्कळ ठिकाणी पूर्वीचीच राहिली. त्यामुळे गावच्या वाटेवर आणि डांबरी सडकेवर, दोन्हीकडे चालेल असे चाक गाडीला हवे होते.

हवा भरलेली धाव

लोखंडी धावेची जागा घेणाऱ्या वस्तूचा शोध दोनदा लागला. कच्चे रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होते. गंधक मिसळून तापवले की ते टिकाऊ होते, हे अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये आढळले. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले, पण ते मागे पडले. पुढे बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी १८८७ मध्ये हवेची नळी चाकावर बसवली आणि १८८८ मध्ये पेटंट घेतले. थॉमसन यांचे जुने पेटंट उजेडात आल्यावर डनलॉप यांचे पेटंट रद्द ठरले, नाव मात्र त्यांचेच राहिले. डनलॉप व्यवसायाने गुरांचे डॉक्टर होते, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हवेच्या टायरने दाबाचा हिशेबच बदलला. टायर जमिनीवर किती क्षेत्रफळ टेकवतो हे मुख्यतः आतल्या हवेच्या दाबावर ठरते. एक टनाच्या मोटारीच्या प्रत्येक चाकावर २५० किलो भार आणि टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला २.१ किलो, म्हणजे ३० पौंड, इतका दाब असेल तर टेकणारे क्षेत्रफळ सुमारे १२० चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे जेमतेम एका तळहाताएवढे. पूर्ण मोटार अशा चार तळहातांवर उभी असते.

भारतातला पहिला टायर कारखाना डनलॉप कंपनीने १९३६ मध्ये बंगालमधील साहागंज येथे सुरू केला. पुढे बैलगाडीसाठीही खास टायर बनू लागले. ते आपल्या भागात ऊस वाहणाऱ्या 'टायरगाडी'ला बसले. कारखाना टायरगाडी देतो आणि बैल ऊसतोड मजुराचे, अशी पद्धत महाराष्ट्रात रूढ झाली. सडकेवर रबरी टायर लोखंडी धावेपेक्षा खूपच हलका चालतो. बैलांचे कष्ट यामुळे कमी व्हायला हवे होते. प्रत्यक्षात ओझे वाढले. जिथे एका टनाच्या आसपास माल जाई, तिथे बैलांच्या त्याच जोडीमागे दोन टनांहून अधिक ऊस रचला जाऊ लागला. सपाट सडकेवर तो ओढला जातो खरा, पण उतारावर ब्रेक नसलेली गाडी बैलांना मागून ढकलते, आणि उसाच्या ओल्या फडातून बाहेर पडताना टायरही रुततोच. चाक सुधारल्याने झालेली बचत बैलाच्या वाट्याला आली नाही. तंत्रज्ञानाचा इतिहास शिकवताना हे उदाहरण वगळू नये असे आम्हाला वाटते.

आकड्यांची भाषा

आता टायरवरचे आकडे वाचू. जुन्या पद्धतीत दोन आकडे असत. जीपवर ६.००-१६, ट्रक आणि बसवर ९.००-२०, बैलगाडीच्या टायरवर ८.००-१९. पहिला आकडा टायरची इंचांत जाडी आणि दुसरा लोखंडी रिमचा इंचांत व्यास. टायर जेवढा रुंद जवळजवळ तेवढाच उंच असे, म्हणून उंची वेगळी लिहिण्याची गरज नव्हती.

फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये रेडियल टायरचे पेटंट घेतले आणि १९४९ पासून तो विकायला आणला. जुन्या टायरात दोऱ्यांचे थर एकमेकांना तिरके छेदत जातात. रेडियलमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि वर पोलादी तारांचा पट्टा असतो. टायर बसके आणि रुंद होऊ लागले तशी उंचीही लिहावी लागली. युरोपात रुंदी मिलिमीटरमध्ये मोजली जाऊ लागली, रिमचा व्यास मात्र जुन्या सवयीने इंचांतच राहिला. दोन मापनपद्धती एका ओळीत येण्याचे कारण हे आहे.

मारुती ८०० वर दिसणारा १४५/७० आर १२ हा आकडा घेऊ. १४५ मिलिमीटर रुंदी. ७० म्हणजे उंची रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे १०१.५ मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल. १२ इंच रिम, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. रिमच्या वर आणि खाली टायरची उंची मिळवली की चाकाचा पूर्ण व्यास ५०७.८ मिलिमीटर येतो. आता कोणी त्याच रिमवर १५५/८० आर १२ बसवला तर व्यास ५५२.८ होतो, म्हणजे जवळजवळ ९ टक्के अधिक. वेगदर्शक काटा ६० दाखवील तेव्हा गाडी ६५ ने धावत असेल. शिवाय वळण घेताना टायर आतून घासण्याचा धोका आहेच. आकडे थोडेच वेगळे दिसतात, परिणाम थोडा नसतो.

बर्फाखाली काय आहे?

आता आपण सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ शकतो. फिनलंडमधील सुओमेन गुम्मितेहदास या रबर कंपनीने १९३४ मध्ये ट्रकसाठी खास हिवाळी टायर काढला आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी 'हाक्कापेलीत्ता' नावाचा. पुढे अनेक देशांत तसे कायदे झाले. स्वीडनमध्ये १९९९ पासून, कॅनडातील क्यूबेक प्रांतात २००८ पासून हिवाळ्यात असे टायर सक्तीचे आहेत. जर्मनीत २०१० पासून रस्त्यावर बर्फ वा हिम असेल तेव्हा ते लागतातच. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना शरद ऋतूत टायर बदलणे हा आपल्या आगोट नीट करण्यासारखाच वार्षिक सोपस्कार होऊन जातो.

हिवाळी टायरचे रबर वेगळे असते. तापमान सुमारे ७ अंशांखाली गेले की नेहमीच्या टायरचे रबर ताठ होऊ लागते आणि त्याची पकड कमी होते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही लवचीक राहते. त्याच्या नक्षीच्या ठोकळ्यांवर असंख्य बारीक चिरा असतात. त्या बर्फात रुततात.

आणि माप? इथे उदगीरच्या चिखलाचा प्रश्न परत येतो. शहरातल्या रस्त्यावर हिमाचा थर पातळ असतो आणि खाली टणक डांबर. म्हणजे तळ जवळ आहे. अरुंद टायर हिम कापत तळाजवळ जातो आणि पुढे कमी हिम रेटतो. म्हणून तिथे अरुंद टायर बरा. मुरमाच्या वाटेवर अरुंद धाव बरी, तेच हे कारण. पण तळ नसलेल्या खोल हिमावर चालणाऱ्या खास वाहनांना मात्र खूप रुंद आणि कमी हवेचे टायर किंवा पट्टे लावतात. काळ्या रानातली रुंद धाव ती हीच. टणक गोठलेल्या बर्फावर रुंदीपेक्षा रबर आणि नक्षी यांचेच महत्त्व जास्त.

अरुंद टायर निवडताना व्यास मात्र बदलू द्यायचा नाही. एखाद्या मोटारीला २०५/५५ आर १६ असेल तर त्याचा व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर आहे. त्याऐवजी १९५/६५ आर १५ घेतला तर तो ६३४.५ होतो. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी. रिम एक इंच लहान झाली, रबराची उंची वाढली, रुंदी घटली, आणि चाक जवळजवळ तेवढेच राहिले. अर्थात गाडी बनवणाऱ्याने मान्य केलेल्या मापांतूनच हा पर्याय निवडायचा, आणि टायरची भार पेलण्याची क्षमता कमी होत नाही हे पाहायचे.

आपला ऋतू कोणता?

उदगीरला हिवाळी टायर लागत नाही. इतकेच नव्हे तर तो अपायकारक ठरेल, कारण चाळीस अंशांच्या उन्हात त्याचे मऊ रबर लवकर झिजेल आणि ब्रेक लागायला अंतर जास्त घेईल. पण याचा अर्थ आपल्याला ऋतूच नाहीत असा नव्हे. आपले ऋतू दोन, पाऊस आणि ऊन.

पावसात रस्त्यावर पाण्याचा थर असतो. ठराविक वेगाच्या पुढे टायरला ते पाणी बाजूला सारायला वेळ मिळत नाही, टायर पाण्यावर उचलला जातो आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निकामी होतात. विमानांच्या चाकांवर १९६० च्या दशकात झालेल्या प्रयोगांतून या वेगाचे एक ढोबळ सूत्र मिळाले. टायरमधील हवेचा दाब पौंडांत घेऊन त्याचे वर्गमूळ काढा आणि १६.७ ने गुणा. ३० पौंडांना हा वेग ताशी सुमारे ९१ किलोमीटर येतो. हवा २० पौंडांवर उतरली असेल तर ७५. नक्षी झिजलेली असेल तर धोका आणखी आधी येतो, आणि टायर रुंद असेल तर बाजूला सारायचे पाणी जास्त असते. दिसायला रुबाबदार म्हणून बसवलेला रुंद टायर पहिल्या मोठ्या पावसात महाग पडू शकतो.

उन्हाची गोष्ट निराळी. सकाळी २५ अंशांना भरलेली ३० पौंड हवा टायर ५५ अंशांवर गेला की साडेचौतीस पौंड दाखवते. वायूंच्या नियमाप्रमाणे ती दाखवायलाच हवी. मात्र हवेचा निरपेक्ष दाब घेऊन हिशेब करा, म्हणजे आधी वातावरणाचे १४.७ पौंड मिळवा. गरम टायरमधून हवा सोडून तो ३० वर आणला तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो २६ वर असेल, आणि कमी हवेचा टायर चालताना जास्त वाकतो व जास्त तापतो. म्हणून हवा थंड टायरमध्ये तपासावी आणि दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत दिलेला आकडा पाळावा.

वर्गात करून पाहण्यासारखे

एका परातीत पीठ किंवा ओली काळी माती दोन बोटे जाड पसरा. रुपयाचे एक नाणे कडेवर उभे धरून त्यावर वजन ठेवा, नंतर तीन नाणी एकत्र चिकटवून तेवढेच वजन ठेवा. रुतणे मोजा. मग मातीचा थर अर्धा बोट करून परातीचा तळ जवळ आणा आणि तोच प्रयोग पुन्हा करा. पहिल्यात रुंद चाक का बरे आणि दुसऱ्यात अरुंद का, हे मुलांनी स्वतः सांगितले की बर्फावरच्या टायरबद्दल त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही.

दुसरे काम शाळेबाहेर उभ्या असलेल्या वाहनांच्या टायरवरचे आकडे टिपण्याचे. त्यातून चाकाचा पूर्ण व्यास काढा आणि सुतळीने घेर मोजून पडताळा पाहा. ज्या गाडीने मुले शाळेत येतात तिच्या पुढच्या आणि मागच्या टायरची मापे, हवा आणि नक्षीची खोली यांची नोंदही घ्यायला सांगा. आपल्याकडे मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असली पाहिजे असा नियम आहे. मृगाच्या आधी ही नोंद झाली तर उत्तम. गावात अजून एखादी धाव चढवलेली गाडी आणि ती चढवणारा लोहार असेल तर तिचा घेर आणि रुंदीही मोजून आणा, आणि लोहाराने ते माप कसे ठरवले हे त्यालाच विचारून लिहून ठेवा.